आतून आमचं, बाहेरून त्यांचं

रविवारच्या रंगीत पुरवण्यांना हल्ली आपल्या घराची फार काळजी लागून राहिली आहे. वर्षभराच्या साफसफाईचे तक्ते छापून येतात. उन्हाळा सुरू होताच फर्निचर भिंतीपासून सरकवून मागची धूळ काढा. पावसाआधी गच्चीची तपासणी करून घ्या. दर तीन महिन्यांनी स्टोअररूम रिकामी करा. शिवडीच्या बीडीडी चाळींत हे तक्ते फार जपून ठेवतात, कारण फडताळात डब्यांखाली अंथरायला चकचकीत कागद बरा पडतो.

खोली १६० चौरस फुटांची. कपाट एका भिंतीपासून सरकवलं की दुसऱ्या भिंतीला टेकतं, म्हणजे धूळ तेवढीच, फक्त दिशा बदलली. स्टोअररूम म्हणजे पोटमाळा. तिथे गणपतीचं मखर, गावाहून आलेलं पातेलं, आजोबांची गिरणीतली पत्र्याची पेटी आणि कुणाच्या तरी बारशाचा पाळणा. हे सगळं दर तीन महिन्यांनी खाली काढायचं, तर तेवढा वेळ माणसांना पोटमाळ्यावर बसवावं लागेल.

पण चाळीला वेळापत्रक शिकवायला जाऊ नये. ते तिला पाठ आहे. मे महिन्यात तांदूळ-डाळी उन्हं खाऊन येतात, खिडकीवर ताडपत्री चढते, पिंपांची बुडं घासली जातात. गणपतीआधी जाळ्या-जळमटं आणि निदान एका भिंतीला रंग. पितृपक्षात 'दसरा काढायचा'. म्हणजे गोधड्या, चादरी, पडदे, डबे, देवाची भांडी, पंख्याची पाती, सगळ्यांना पाणी दाखवायचं. या दिवसांत पॅसेजमधून चालणाऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालावं. गच्चीवर गोधडी वाळत घालायच्या जागेवरून होणाऱ्या चर्चा विधानसभेत झाल्या असत्या, तर कामकाज पाहायला गर्दी झाली असती. पंधरा दिवस नवरे घरातले डबे उतरवतात आणि आपण हिमालय उतरवला अशा चेहऱ्याने फिरतात. दिवाळीत पुन्हा एकदा हात फिरतो, आणि लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लागतं. मग नव्याने धूळ जमायला मोकळीक मिळते. शिवडीत ती जमतेही मनापासून. हाजी बंदरावर कोळसा उतरायचा त्या काळात खिडकीचा गज सकाळी पुसला तर दुपारी बोट काळं होई. आता ट्रक-ट्रेलर आहेत. सोय कधी थांबलेली नाही.

हे झालं भिंतीच्या आतलं. भिंतीचा बाहेरचा भाग सरकारी आहे, आणि सरकारवर हंगाम न पाळण्याचा आरोप कुणी करू नये. तिथेही वर्षाचं चक्र अगदी काटेकोर आहे. एप्रिल-मेमध्ये पाहणी. जून तोंडावर आला की मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या वाजतगाजत प्रसिद्ध होतात. जुलैत 'रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी हलावे' असं आवाहन. सुरक्षित ठिकाणाचा पत्ता आवाहनात बसत नाही. कुठे फारच वाकलं तर टेकू. टेकू तात्पुरता असतो, म्हणून त्याला पुढे पुढे आपण रंगही देतो. ऑगस्टमध्ये खेद. आणि ऑक्टोबरमध्ये कडकडीत ऊन पडतं, भिंतीबरोबर फाईलही वाळते.

शिवडीचं दुखणं यात जरा खानदानी आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या अमदानीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या. पैशांसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवला. साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या आणि उत्साह संपला. चाळी झाल्या २०७ : वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, मधून पॅसेज. संकल्प मोठा सोडायचा आणि तिसऱ्या हिश्श्यावर थांबायचं, ही पद्धत इंग्रज जाताना बरोबर न्यायला विसरले.

२२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाचं. शिवडीचं नाही. कारण या १२ चाळी राज्य सरकारच्या, पण त्यांच्या खालची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची. तेव्हा व्यवस्था अशी : खोलीतली फरशी रहिवाशाने पुसायची, भिंतीची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभागाने करायची, भिंत उभी आहे त्या मातीचं दिल्लीने बघायचं. पावसाचं खातं कुणाकडे, हे अजून ठरलेलं नाही. नाहीतर ओल कुणाची हा प्रश्न केव्हाच सुटला असता.

केंद्राला शिवडी दिसत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १२ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांनी इथून सुरू होणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन केलं. २१.८ किलोमीटर! भरतीच्या पाण्यात, चिखलात, खडकात पाय रोवून उभा आहे. खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांना गाड्यांचा त्रास नको म्हणून पुलाला आवाज अडवणारे पडदेही लावले. पक्षी हिवाळ्याच्या तोंडाला येतात, उन्हाळ्यात जातात, भाडंपावती मागत नाहीत. शंभर वर्षं एकाच जागी राहणाऱ्यांचं असं कौतुक कोण करणार? त्यांनी निदान पावसाळ्यात तरी कच्छला जाऊन यायला हवं होतं.

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, इमारत चाळीस मजली, लिफ्टसकट. त्यानंतर शिवडीच्या वहिनी वरळीच्या नणंदेकडे घर बघायला गेल्या. दोन बेडरूम, स्वतःचा संडास, खिडकीत वारा. वहिनींनी सगळ्या खोल्या दोनदा पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि मग मुद्द्याला हात घातला.

"वन्सं, दसरा काढताना गोधड्या कुठे वाळत घालता?"

"सोसायटीत बाहेर काही टांगायचं नाही वहिनी, नोटीस लावलीय. मशीन आहे ना."

"आणि बाहेरून गळलं तर?"

"त्याची काळजी नको. १२ वर्षं देखभाल त्यांच्याकडे."

"१२ वर्षं?" वहिनींनी पदर खोचला. "मग चिंता नाही. तोवर आमची पाहणी पूर्ण होईल."