बिनरंगी मामी

रंगांचं वेड असलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. रंग नसण्याचं वेड असलेली थोडी. त्यांतली एक न्यू जर्सीतल्या एडिसन गावी माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये बसते. ती माझी मामी.

मामी काचेचे मणी करते. प्रोपेन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीवर काचेची कांडी मऊ करायची, माती लावलेल्या स्टीलच्या सळईवर गुंडाळत मणी घडवायचा, काचेच्याच बारीक तारांनी त्यावर ठिपके, पाकळ्या, वेली काढायच्या आणि शेवटी या सगळ्यावर पारदर्शक काचेचा जाड थर चढवायचा. या शेवटच्या कामाला तिकडची मंडळी एन्केसिंग म्हणतात आणि त्या पारदर्शक काचेला नुसतं ‘क्लिअर’. थर नीट बसला की गोल काच भिंगाचं काम करते. मुगाएवढं फूल वाटाण्याएवढं दिसतं, आणि तेही आत खोल कुठेतरी तरंगताना. पाहणारा म्हणतो, “काय सुंदर फूल आहे!” मामी म्हणते, “फूल राहू दे. क्लिअर बघ.”

आता क्लिअर बघायचं म्हणजे काय बघायचं? जे दिसलं तर बिघडलं, ते कसं बघायचं? पाहुणा मणी डोळ्यांजवळ नेतो, लांब धरतो, खिडकीकडे करतो आणि अखेर भीत भीत म्हणतो, “काही दिसत नाही.” मामीचा चेहरा फुलतो. तिच्या दृष्टीने याहून मोठी दाद नाही.

याचं मूळ तिच्या जुन्या नोकरीत आहे. पुण्यातल्या एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. ते काम असं, की उत्तम झालं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही आणि एक वेलांटी चुकली तर वाचकांची पत्रं येतात. अशी नोकरी केलेल्या माणसाला पुढे आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती पाहता येत नाही, तपासावीच लागते. लग्नपत्रिका आली की मामी मुहूर्ताच्या आधी ऱ्हस्वदीर्घ बघते. अमेरिकेत गेल्यावर मराठी प्रुफं मिळेनात. मग काच मिळाली.

काचेतल्या चुकांना तिने नावंही छापखान्यातली दिली आहेत. थरात अडकलेला बुडबुडा म्हणजे अनुस्वार. एकापाठोपाठ एक बारीक बुडबुडे म्हणजे टिंबं-टिंबं. आणि आतल्या फुलावर करडट धुरकट पडदा आला, तर ते ‘शाई पसरली’. त्या पडद्याचं तिला सगळ्यांत वावडं. तो का येतो यावर ती तासभर बोलू शकते. सारांश असा: कांडी ज्योतीत फार जवळ धरून घाईने तापवली की काच उकळते आणि तिच्यात फेसासारखे सूक्ष्म बुडबुडे उठतात. कांडीवर बोटांचं तेल किंवा धूळ असेल तर तीही आत गाडली जाते. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला तर काजळी धरते. म्हणून कांडी आधी अल्कोहोलने पुसायची, ज्योतीच्या टोकाकडे, लांबवर धरायची, आणि टोकाशी मोठा गोळा जमेपर्यंत सावकाश फिरवत राहायची. मग तो गोळा मण्यावर टेकवून, मधली हवा पुढे ढकलत, दोन्ही भोकांपर्यंत पसरवायचा. मामी हे करताना कुणाशी बोलत नाही. या वेळी घराला आग लागली तरी तिला सांगू नये, असं मामाचं मत आहे. नाहीतरी आग तिच्याच हातात असते.

पण खरी गंमत हात चालू होण्याच्या आधीची, म्हणजे क्लिअर निवडण्याची. बाहेरच्या माणसाला वाटतं, रंग नाही म्हणजे निवडायचं काय? लाल-निळ्यात डावं-उजवं करता येईल, बिनरंगात कसलं? मामी अशा माणसाला कपाट उघडून दाखवते. त्यात पारदर्शक कांड्यांचे जुडगे आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी, आणि सगळे अगदी एकसारखे. मुरानोच्या एफेत्रे कारखान्याचं ००४. त्याच कारखान्याचं ००६, म्हणजे ‘सुपर क्लिअर’. जर्मनीतल्या लाउशा गावचं. अमेरिकेतल्या डबल हेलिक्सचं ‘एथर’. ज्या पदार्थाला काहीच नसावं त्याला एवढी नावं असावीत, याची मामाला अजून मौज वाटते.

निवडीचा पहिला नियम १०४ हा आहे. काच तापल्यावर किती फुगते त्याचं ते माप. मामी ज्या मऊ काचेत काम करते तिचं माप १०४ च्या आसपास, तर प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटचं ३३ च्या आसपास. दोन मापांच्या काचा ज्योतीत आनंदाने एकजीव होतात, पण थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी तडकतो. कधी लगेच, कधी एखाद्याच्या गळ्यात गेल्यावर. दुसरा नियम कडकपणाचा. मापं जुळली तरी एक क्लिअर लवकर वाहतं, दुसरं हटून बसतं. फार तापवावं लागलं तर आतल्या पाकळ्या विरघळून फुलाचं भजं होतं. तिसरा चांदीचा. मण्यात चांदीचा वर्ख असेल तर चांदी आपल्या बाजूच्या काचेला पिवळी झाक देते, तेव्हा तिथे कोणतं क्लिअर कसं वागतं ते आधी करून बघावं लागतं. चौथा नियम मामीचा मूड. यांतलं कोणतं क्लिअर तिला पसंत आहे हे विचारू नये. गेल्या भेटीत जे ‘निव्वळ पाणी’ होतं, ते या भेटीत ‘ताकाची निवळी’ झालेलं असतं.

लाउशावर मात्र तिची श्रद्धा आहे. थुरिंगियाच्या डोंगरातल्या त्या गावात १५९७ मध्ये काचभट्टी उभी राहिली, आणि १८३५ मध्ये तिथल्याच लुडविग म्युलर-उरी यांनी माणसासाठी काचेचा कृत्रिम डोळा घडवायला सुरुवात केली. “ज्यांनी डोळे केले,” मामी म्हणते, “ते बघून-सवरूनच काम करत असणार.” या युक्तिवादातली गोची मामा तिला एकदा दाखवायला गेला होता. त्या संध्याकाळी त्याला पिठलं स्वतः करून घ्यावं लागलं.

पाहुण्यांना चहाच्या आधी इतिहास मिळतो. १२९१ मध्ये व्हेनिसने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. पुढे पंधराव्या शतकात तिथल्या आंजेलो बारोव्हिएरने ‘क्रिस्तालो’ ही स्वच्छ काच साधली. वाळूत लोहाचा अंश असला की काचेला हिरवट झाक येते. या लोकांनी पांढरे गारगोटे कुटून घेतले, वनस्पतींची राख पाण्यात उकळून, गाळून शुद्ध केली आणि चिमूटभर मँगनीज घालून उरलेला हिरवटपणा मारला. इथे मामीचा आवाज भरून येतो. “म्हणजे बघ, त्यांनी रंग घातला नाही रे. चुका काढल्या.” बारोव्हिएर हा तिच्या लेखी जगातला पहिला मुद्रितशोधक आहे.

मामा या सगळ्याचा आश्रयदाता. त्याची गाडी बर्फात उभी असते, कारण गॅरेजमध्ये टॉर्च, भट्टी आणि कपाट आहे. ऑक्सिजनसाठी त्याने दवाखान्यातलं वापरलेलं कॉन्सन्ट्रेटर यंत्र आणलं, तेव्हा शेजारच्या देशपांडे मंडळींनी दोन दिवस डबा पाठवला आणि पेशंट कोण आहे हे विचारायचं संकोचाने टाळलं. मामाने डबा परत करताना सांगितलं, “पेशंट मीच, पण ऑक्सिजन तिला लागतो.” काच तापली की सोडियमचा पिवळाजर्द भडका उठतो, तो अडवायला मामी जांभळट डिडिमियम चष्मा लावते. कधी तोच लावून स्वयंपाकघरात येते आणि मामाच्या आमटीचा रंग बरोबर नाही म्हणते.

मणी झाला की तो ५०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर तापलेल्या भट्टीत जातो. तिथे काही वेळ मुरवून रात्रभर हळूहळू थंड करायचा, म्हणजे काचेतला ताण निघून जातो. ज्योतीत तर सगळं नारिंगीच दिसतं. त्यामुळे निकाल सकाळी. मामी सळईवरून मणी सोडवते, भोकातली माती पाण्याखाली घासून काढते, खिडकीपाशी बसते आणि भिंग लावते. पास झालेले मणी मखमलीवर. नापास एका डब्यात. डब्यावर मराठीत लिहिलंय: ‘शुद्धिपत्र’. मखमल बहुतेक रिकामी असते.

एकदा भाचीच्या लग्नासाठी मंगळसूत्राचे काळे मणी करून दे, अशी गळ तिला कुणीतरी घातली. असले मणी उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या पुर्दिलनगरात ढिगाने होतात, पण हे हाताने, घरी केलेले हवे होते. मला वाटलं, इथे तरी सुटका. काळ्यात क्लिअरचा काय संबंध? मामीने एकेका काळ्या मण्यावर क्लिअर चढवलं. कुणाला ते दिसलं नाही, कुणाला कळलं नाही. “त्याने काळा रंग खोल दिसतो,” ती म्हणाली. नवरी म्हणाली, काळे आहेत, छान आहेत. मामी आठवडाभर खूश होती.

यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात तिला विक्रीला टेबल मिळालं. पण टेबलावर ठेवण्याजोगे, म्हणजे पास झालेले, मणी मूठभरही नव्हते. मामाने गुपचूप शुद्धिपत्राचा डबा गाडीत टाकला आणि मामी आरतीला गेल्याचं पाहून टेबलावर ओतला. ती परत येईपर्यंत निम्मा खपला होता. एका बाईंनी निळ्या फुलाचा मणी उचलून धरला होता.

“अय्या, पाकळीवर दवाचा थेंब!”

“तो थेंब नाही,” मामी म्हणाली. “चूक आहे.”

“मग अशीच आणखी एक चूक करून द्या ना. कानात घालायचेत, जोडी हवी.”

मामीने त्या बाईंकडून पैसे घेतले नाहीत. चुकीचे पैसे घेणं तिच्या तत्त्वात बसत नाही. पण जोडीची जबाबदारी घेतली. अनुस्वार मुद्दाम द्यायचीही रीत आहे: टंगस्टनच्या सुईने गरम मण्यात खड्डा टोचायचा आणि तो बुजायच्या आत वरून क्लिअर झाकायचं, की आत अडकलेली हवा गोल होऊन बसते. मामीने टोचलं, झाकलं, आणि तिच्या हाताने सवयीने हवा बाहेर ढकलली. पुन्हा टोचलं, पुन्हा मणी निर्दोष. इतकी वर्षं जे साधायला ती धडपडली, ते आता थांबवता येईना. मखमल पहिल्यांदाच गच्च भरली. मामी चिडून एकेक निर्दोष मणी शुद्धिपत्रात टाकू लागली, आणि मामा तो तिच्या मागून उचलून परत मखमलीवर ठेवू लागला.

शेवटी मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बुडबुडा बसला होता. तोच आकार, तीच पाकळी, तीच जागा.

“म्हणजे जमलं की!” मी म्हणालो.

“जमलं काय डोंबल,” मामी म्हणाली. “बुडबुडा गोल आलाय रे. पण आतली हवा मला स्वच्छ वाटत नाही.”