आरोपीच्या तोंडून इंग्रजी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत दोष एकच. त्यांत कुणाचा खून होत नाही. राम बाजारात जातो, सीता आंबा खाते आणि विद्यार्थी सातव्या पानावर घोरू लागतो. पोलिसी मालिकेत पहिल्या पाच मिनिटांत प्रेत पडतं आणि उरलेला वेळ सगळे एकमेकांना प्रश्न विचारत हिंडतात. भाषा शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

साहित्य: एक मालिका, एक वही आणि इंग्रजी सबटायटल. हिंदी सबटायटल लावल्यास हिंदी सुधारेल. वहीत ‘दोरी’, ‘विष’, ‘विम्याची रक्कम’ असे शब्द एकाखाली एक का लिहिलेत, याची कल्पना घरच्यांना आधीच देऊन ठेवा. विशेषतः सासूबाईंना.

पाठ पहिला: मागे कुणाच्या जायचं?

बहुतेक नवशिके इन्स्पेक्टरच्या मागे जातात आणि तिथेच फसतात. इन्स्पेक्टर तोंडातल्या तोंडात बोलतो, बोलताना खातो आणि निम्मं वाक्य गाडीचं दार आपटण्यात घालवतो. वर त्याची आद्याक्षरं. बीबीसीवर २०१२ साली सुरू झालेली जेड मर्क्युरिओची ‘लाइन ऑफ ड्यूटी’ पाहा. ओसीजी, यूसीओ, चिस! यातलं ‘चिस’ म्हणजे पोलिसांचा गुप्त खबऱ्या. ते समजून घ्यायला खुद्द ब्रिटिश प्रेक्षकांना शोधाशोध करावी लागली होती, तर तुमची-आमची काय कथा.

अमेरिकी इन्स्पेक्टरला तर शब्द पुरा करण्याचाच कंटाळा. गुन्हेगार ‘पर्प’, मयत ‘विक’. माणूस मेला तरी त्याचं अर्धं नाव कापायचं!

आरोपीचं इंग्रजी मात्र सोपं, स्पष्ट आणि मोजकं असतं. वाक्य लांबलं की शिक्षा लांबते, हे त्याला ठाऊक असतं. ‘मी घरी होतो.’ ‘मी त्याला ओळखत नाही.’ ‘मला वकील हवा.’ कर्ता, क्रियापद, कर्म, संपलं. शिवाय इन्स्पेक्टर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, त्यामुळे उजळणी आपोआप होते. म्हणून नियम असा: आरोपीची वाक्यं पाठ करा, पोलिसाची नुसती ऐका. साक्षीदारालाही दुर्लक्षू नका. १९९० पासूनच्या ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये साक्षीदार पोलिसांना पाहून हातातलं काम सोडत नाही. खोकी उतरवत, ग्लास पुसत उत्तरं देतो. त्यामुळे खुनासोबत गोदामाचे आणि हॉटेलचे शब्दही फुकट मिळतात.

पाठ दुसरा: गप्प बसण्याचं इंग्रजी

सुरुवात ‘नो कॉमेंट’पासून करा. काळ नाही, वचन नाही, लिंग नाही. ब्रिटिश मालिकेत टेप चालू करून, शेजारी वकील बसवून आरोपी अख्खा प्रसंग या दोन शब्दांवर काढतो. इतक्या कमी शब्दांत इतका वेळ बोलण्याचं कसब मी दुसऱ्या कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही.

पण गप्प बसण्याआधी मालिका कुठल्या देशाची आहे ते पाहून घ्या. अमेरिकेत १९६६ साली ‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं, की कोठडीतल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी त्याचे हक्क सांगितले पाहिजेत: गप्प राहण्याचा हक्क आहे, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील मिळेल, परवडत नसेल तर नेमून दिला जाईल. आता हे अमेरिकी प्रेक्षकाला तोंडपाठ असतं आणि तुम्हालाही होईल. ज्याच्या नावाने हा खटला गाजला तो अर्नेस्टो मिरांडा पुढे सुटल्यावर हीच वाक्यं छापलेली कार्डं स्वतःची सही करून विकायचा. शब्दकार्डांवर पैसे कमावणारा इतका अधिकारी माणूस दुसरा नसेल.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९५ पासूनची ताकीद वेगळी आहे. तिथेही बोलायची सक्ती नाही, पण पुढे कोर्टात ज्याचा आधार घ्यायचा ती गोष्ट आत्ता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर तुमच्या बचावाला धक्का पोहोचू शकतो. म्हणजे तिथे मौन फुकट नाही. हे वाक्य अमेरिकीपेक्षा अवघड आहे, त्यात जर-तर आहे. दुसऱ्या महिन्यात घ्या.

पाठ तिसरा: रात्री नऊ ते अकरा

‘नऊ ते अकराच्या दरम्यान कुठे होतात?’ या एका प्रश्नावर इंग्रजीचा चालू भूतकाळ उभा आहे. मी जेवत होतो, बायको टीव्ही पाहत होती, कुत्रा भुंकत होता, तेवढ्यात आवाज आला. शाळेत हा काळ ‘राम जात होता’ म्हणून शिकवतात. कुठे जात होता आणि त्याला कुणी पाहिलं का, हे विचारत नाहीत. म्हणून तो लक्षात राहत नाही.

ही माझी गंमत नव्हे. इंग्रजीच्या वर्गांत ‘ॲलिबाय’ नावाचा खेळ खरोखर खेळतात. दोघे बाहेर जाऊन ‘आम्ही काल संध्याकाळी एकत्र होतो’ अशी हकिगत रचतात. मग वर्ग त्यांना एकेकटं बोलावून उलटतपासणी घेतो. एकाने डोसा खाल्लेला असतो, दुसऱ्याने पिझ्झा. घरी नवरा-बायकोंनी हा खेळ खेळू नये.

पाठ चौथा: उच्चार

‘द वायर’ पाहून बाल्टिमोरच्या बोलीची धास्ती घेऊ नका. ती मालिका डेव्हिड सायमन या माजी वार्ताहराने लिहिली, सोबत एड बर्न्स हा माजी पोलीस होता, त्यामुळे भाषा अस्सल आहे. पण तिच्यातला अमेरिकी पोलीस मॅकनल्टी झालाय डॉमिनिक वेस्ट. तो इंग्लंडमधल्या शेफील्डचा. आणि अमली पदार्थांचा धंदा सांभाळणारा स्ट्रिंगर बेल म्हणजे इद्रिस एल्बा, लंडनचा. तेही ऐकून ऐकूनच शिकले. पहिल्या पर्वात दोन पोलीस एका रिकाम्या स्वयंपाकघरात खुनाचा उलगडा करतात आणि जवळजवळ एकच शिवी निरनिराळ्या सुरांत उच्चारतात: आश्चर्य, शंका, वैताग, आनंद. सुराघाताचा इतका सुंदर पाठ नाही. हेडफोन लावून पाहा.

एक शब्द मात्र थट्टेवारी नेऊ नका: ‘फ्रीझ’. १९९२ साली अमेरिकेतल्या बॅटन रूजमध्ये सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीला जाताना चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकाने बंदूक रोखून हा शब्द उच्चारला, मुलगा थांबला नाही, गोळी सुटली. जागच्या जागी थांबा, हा याचा अर्थ आजच पाठ करा.

पाठ पाचवा: घरचा साठा

मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याकडे पोलिसी इंग्रजी आधीच भरपूर असतं. त्यावर भिस्त ठेवू नका. एफआयआर हा शब्द ब्रिटिश किंवा अमेरिकी मालिकेत ऐकू येत नाही. तो आपल्याकडचा, फौजदारी कायद्यातला. लंडनच्या माणसाला ‘काल आमच्याकडे एन्काउंटर झाला’ असं सांगितलंत, तर तो ‘कुणाशी?’ असं आपुलकीने विचारील.

परीक्षा

आता खरी अडचण. या मालिकांत चौकशी शिकायला मिळते, नाकबुली शिकायला मिळते, धमकीसुद्धा मिळते. तक्रार शिकायला मिळत नाही, कारण ज्याने तक्रार करायची तो पाचव्या मिनिटालाच मेलेला असतो. आणि तुमच्यावर परदेशात येणारी वेळ बहुधा तक्रारीचीच: फोन हरवला, पाकीट मारलं, सामान भलत्या गाडीत राहिलं. तेव्हा आरोपीची सगळी वाक्यं विसरा. ब्रिटनमध्ये तातडीची नसलेली तक्रार १०१ वर करायची, जिवावर बेतलं तर ९९९ वर. नाव, पत्ता, काय गेलं, कधी आणि कुठे गेलं, एवढं सांगा. आणि त्यांनी ‘आणखी काही सांगायचंय का?’ असं विचारलं, तर कृपा करून ‘नो कॉमेंट’ म्हणू नका.