अध्यक्षबाईंचं बेट पाण्यात गेलं, ऐकलंत का?

अहो वहिनी, जरा कंपाउंडपाशी या ना. कुकर लावला असेल तर शिट्ट्या इथूनही ऐकू येतात, या. भिशीच्या मालवण ट्रिपचं कळलं का तुम्हाला? नाही? म्हणजे ग्रुपवर ते फोटो बघितलेच नाहीत तुम्ही! बरं झालं, सगळं माझ्याच तोंडून ऐका. आणि आवाज हळू ठेवू या, अध्यक्षबाईंची गच्ची इथून फार लांब नाही.

एका दिवसात जाऊन यायचं, गाइड घेऊन, सकाळी पॅडलबोर्डिंग, मग स्नॉर्कलिंग, बारा वाजता त्सुनामी आयलंडवर फोटो, जेवण आणि साडेतीनला परतीची गाडी. लॅमिनेट केलेला कागद होता हो! प्रत्येकीच्या हातात एकेक. अध्यक्षबाईंचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, हळदीकुंकवाचंसुद्धा टाइमटेबल काढतात. तारीख ठरवली रविवारची, का तर रविवारी सगळ्या मोकळ्या. आता त्या रविवारी माघी पौर्णिमा होती, हे काही कुणाच्या डोक्यात नव्हतं. फक्त दांडीच्या काकूंच्या होतं.

दांडीच्या काकू कोण म्हणून काय विचारता? आपल्या जिमवालीच्या सासूबाई! मालवणात दांडीला माहेर आहे त्यांचं. सत्तरी ओलांडली, पण चालतात बघा कशा. त्यांना न्यायचं नाही असंच चाललं होतं बरं का. 'पाण्याची ट्रिप आहे, वयाचा विचार करायला हवा,' असं अध्यक्षबाई म्हणाल्या आणि जिमवाली गप्प बसली. गप्प बसली म्हणजे... असो, सासूसुनेत आपण कशाला पडा. तर भूगोलाच्या बाई, रिटायर झालेल्या, त्या म्हणाल्या, काकू येणार नसतील तर मीही येत नाही. झालं! बसची सीट रिकामी गेली तर पैसे कुणी भरायचे? काकू आल्या.

आदल्या भिशीलाच काकूंनी तो कागद बघितला आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "गो बाये, त्या दिवशी पुनव. उदान असतला. दुपारचा बेट खंय दिसतला तुमका?" आम्हाला अर्धं कळलं, अर्धं नाही. मग त्यांनी बोटांवर मोजत हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला समुद्र काठोकाठ भरणार, तो बाराला कुठे ओसरतोय? आणि हे त्सुनामी आयलंड म्हणजे तरी काय, देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला म्हणतात. ओहोटीला उघडा, भरतीला पाण्याखाली. भूगोलाच्या बाई लगेच, "बरोबर आहे, उधाणाची भरती," म्हणून मान डोलवायला लागल्या. आणि अध्यक्षबाई काय म्हणाल्या माहिती आहे? "काकू, हल्ली सगळं ॲपवर असतं." आता ॲपवर भरतीही दिसते म्हणा, पण बघायला नको का ती!

तर काय सांगत होते... हां. रात्री अडीचला निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. घाटात बँकवाल्या वहिनींना मळमळलं, ते सोडून देऊ. सातच्या आधी मालवण, चहा, आणि तसंच पुढे देवबागच्या खाडीवर. गाइड म्हणजे पंचविशीचा पोरगा, उन्हाने पार रापलेला, बोलायला गोड. प्रत्येकीला लाइफ जॅकेट घातलं आणि पट्टे स्वतः ओढून बघितले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली होती, आठवतंय ना? दोन जण गेले त्यात. आमच्यातली एक म्हणाली, "जॅकेटमध्ये फोटो जाडे येतात हो," तर त्या पोराच्या चेहऱ्यावरचं हसू असं झटकन गेलं. "ताई, जॅकेट काढायचं असेल तर काठावर बसा." पुन्हा कुणी ब्र काढला नाही.

पॅडलबोर्ड म्हणजे बघा, लांबलचक फुगीर फळी. तिच्यावर आधी गुडघे टेकून बसायचं, तोल सापडला की एकेक पाय उचलून उभं राहायचं. गुडघे जरा वाकवलेले, पाय खांद्याइतके फाकलेले, नजर समोर. पायाकडे बघितलंत की पडलात! घोट्याला एक दोरी असते, म्हणजे आपण पडलो तरी फळी लांब जात नाही. वल्हं उंच, डोक्याच्याही वर वीतभर. त्याचं पातं पुढच्या बाजूला कललेलं हवं म्हणे. आम्ही सगळ्या जणींनी ते उलटंच धरलं होतं. पोरगा दमला सांगून सांगून.

जिमवाली पहिल्या झटक्यात उभी राहिली, ते म्हणायलाच हवं. बँकवाल्या वहिनी गुडघ्यावरच बसून राहिल्या, "मला इथे छान वाटतंय" म्हणून. आणि अध्यक्षबाई? उभ्या राहिल्या हो! गॉगल, टोपी, सगळं. संगमाकडे तोंड करून म्हणाल्या, "चला, माझ्या मागे या सगळ्या." आणि वल्हं मारायला लागल्या. आता सकाळचे आठ वाजलेले, भरतीचं पाणी खाडीत जोरात आत शिरत होतं. बाई वल्हं मारतायत पुढे आणि फळी चाललीय मागे! चेहरा पूर्ण संगमाकडे, आणि स्वतः निघाल्या गावाकडे. आम्ही सगळ्या काठाजवळच्या संथ पाण्यात, आमच्या समोरून मागे मागे जाताना त्या आम्हाला हात करत होत्या. आम्हाला वाटलं टाटा करतायत, आम्हीही केला. शेवटी तो पोरगा गेला आणि दोरी बांधून ओढून आणलं. काठावर काकू साडीचा काष्टा घालून पाण्यात पाय सोडून बसलेल्या. एवढंच म्हणाल्या, "खाडीचा पाणी आधी बघूचा, मगे वल्हा मारूचा." अध्यक्षबाईंचं तोंड असं... तुम्ही हव्या होतात तिथे.

मग स्नॉर्कलिंगला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर. बोटीत तो पोरगा किल्ल्याची माहिती सांगत होता. १६६४ साली महाराजांनी मोरयाच्या धोंड्यावर पूजा करून कामाला हात घातला, तीनेक वर्षांत एवढा किल्ला समुद्रात उभा केला. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत म्हणाला, "दूधबाव आणि साखरबाव." मागून काकूंचा आवाज, "आणि दहीबाव खंय गेली?" पोरगा वळून बघायलाच लागला. "आजी, तुम्ही खंयच्या?" "दांडीची मी." झालं! तिथून पुढे आजींची बडदास्त. आजी, सावलीत बसा. आजी, शहाळं. आम्ही पैसे भरलेल्या, आम्हाला कोण विचारतंय!

आता खरी गंमत ऐका. तो मास्क नाकासकट डोळ्यांवर बसतो, म्हणजे नाकाने श्वास घ्यायचाच नाही, तोंडातल्या नळीने घ्यायचा. कपाळावरचा एक केस जरी मास्कच्या कडेत अडकला तरी पाणी आत येतं. एकीची तर टिकली सुटून आतच फिरत होती, ती म्हणत होती मासा दिसला, मासा दिसला! आणि काचेवर धुकं येऊ नये म्हणून काय करायचं, सांगू? थुंकायचं! मास्कमध्ये थुंकायचं, बोटाने चोळायचं आणि धुवून टाकायचं. पोराने असं सांगितल्याबरोबर आमच्या सगळ्यांचे चेहरे बघायला हवे होते. बँकवाल्या वहिनी म्हणाल्या, "ईऽऽ, मी मुळीच नाही." त्यांना मग धुक्याशिवाय काही दिसलं नाही. भूगोलाच्या बाईंनी मात्र खाकरून...

अहो, आणि त्या बँकवाल्या वहिनींचा अंगठा! पाण्यात शिरण्याआधी खुणा शिकवल्या होत्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचं. नुसता अंगठा वर म्हणजे 'मला वर काढा'. या बाई दुसऱ्यांदा मास्क धुवून गेल्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी नाकाशी आले, आणि आनंदाने अंगठा! पोराने लगेच वर काढलं. "काय झालं मॅडम?" "काही नाही, मस्त!" पुन्हा खाली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. असं चाललं होतं. शेवटी पोराने त्यांचा अंगठा स्वतःच्या मुठीतच धरून ठेवला.

दुसऱ्या बोटीवरचा एक जण पाण्यात ब्रेड टाकत होता, मासे जमवायला. व्हिडिओ छान येतो ना! भूगोलाच्या बाई संतापल्या. त्यांचं म्हणणं, हे मासे प्रवाळावरचं शेवाळ खातात, ब्रेडने पोट भरलं तर ते शेवाळ कोण खाणार, प्रवाळ गुदमरेल. आणि १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, काही भान? काकू म्हणाल्या, अभयारण्याला आमच्या मच्छीमारांनी केवढा विरोध केला होता, आमच्या जाळ्यांना बंदी आणि तुमच्या ब्रेडला मुभा, असं कसं? दोघी एकमेकींशी भांडतायत की एकाच बाजूने बोलतायत, हेच कळेना. पाणी तसंही जरा गढूळच होतं त्या दिवशी. उधाणाला तळाची वाळू उठते, पोरगाच म्हणाला. "चार-पाच दिवसांनी आला असतात तर तळ दिसला असता." हे वाक्य अध्यक्षबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि मग बारा वाजले!

बोट देवबागच्या संगमावर येऊन थांबली. चहूकडे पाणी. अध्यक्षबाई कागद काढून म्हणाल्या, "आता आयलंडवर चला." पोरगा म्हणाला, "हेच आयलंड." "कुठे?" "तुमच्या खाली, ताई." कुणी हसलं नाही, देवाशप्पथ. म्हणजे पहिलं मिनिटभर. मग जिमवाली फस्सकन हसली आणि सगळी बोट... उतरलो आम्ही कमरेएवढ्या पाण्यात. तीन जणींनी मॅचिंग टोप्या घातलेल्या, आयलंडवरच्या फोटोसाठी खास आणलेल्या. पाण्यात नुसत्या टोप्याच दिसतायत! पोरगा बिचारा समजूत घालत होता, "संध्याकाळी साडेपाचला या, इथे क्रिकेट खेळता येतं." साडेपाचला! आमची गाडी साडेतीनला. ड्रायव्हर थांबायला तयार नाही, त्याला दुसऱ्या दिवशी लग्नाचं भाडं.

जेवणाचं काय सांगू, सुरमई काय, सोलकढी काय, तिथे कुणाचीच तक्रार नाही. फक्त एक जण पौर्णिमा म्हणून खात नव्हती, आणि तिने ताटाकडे न बघता जेवढं बघितलं तेवढं कुणी बघत नाही. काकू मात्र म्हणाल्या, मी आज येत नाही, भावाकडे राहते दोन दिवस. सून म्हणाली, "आई, सामान?" तर पिशवीतून दोन लुगडी काढून दाखवली. सगळं ठरवूनच आल्या होत्या हो!

आम्ही बसमध्ये, फोंड्याच्या अलीकडे. कुणी झोपलंय, कुणी खाजं खातंय. आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर फोटो. कोरड्या ठणठणीत वाळूवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत दांडीच्या काकू, हातात चहा, मागे भाचरं क्रिकेट खेळतायत. खाली लिहिलंय, 'त्सुनामी आयलंड, ५.२०.' बसमध्ये एवढी शांतता, एवढी शांतता! भूगोलाच्या बाईंनी तेवढा अंगठा टाकला. अध्यक्षबाईंनी दोन दिवसांनी फूल टाकलं, एकच.

आता पुढचं ऐका, हे कुणाला बोलू नका. काकू परत आल्या आणि पुढची ट्रिप त्यांनी स्वतः ठरवलीय. फाल्गुन वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पाणी निवळ. काकूंनी आधीच सांगून टाकलंय, अष्टमीला बेट पुनवेसारखं पूर्ण उघडं पडत नाही, पण मासे बघायचे तर हेच दिवस. पॅडलबोर्ड सकाळी लवकर, वारा उठायच्या आत, आणि तेही पाणी जिकडे चाललंय तिकडेच. आणि उशीर करून चालणार नाही, २६ मेपासून ऑगस्ट संपेपर्यंत पाण्यातलं सगळं बंदच असतं तिकडे.

अध्यक्षबाई येणार का? नाव दिलंय त्यांनी, सगळ्यात शेवटी, पेन्सिलीने. तुमचं घालू ना मी? शुक्रवारपर्यंत सांगा, सीटा थोड्याच उरल्यात. आणि जा आता, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्यात तुमच्या.