आम्ल, आम्लारी आणि माझं कपाळ

43व्या वर्षी माझ्या कपाळावर तारुण्य आलं.

बाकी कुठे ते शिल्लक नव्हतं. जिना चढताना गुडघे वाजत होते, चष्म्याला खालच्या अंगाला वाचायचं भिंग बसलं होतं आणि केसांनी तर पुढून माघार घ्यायला केव्हाच सुरुवात केली होती. अशा काळात कपाळ आणि दोन्ही कानशिलं मिळून अकरा मुरूम. लाल, ठणकणारे. मराठीत यांना तारुण्यपीटिका म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याने चाळिशीनंतर आरशात पाहिलं नसावं.

सुश्रुतसंहितेत हेच दुखणं 'मुखदूषिका' या नावाने येतं आणि पुटकुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिलेली आहे. काटेसावरीचं खोड ज्याने हाताने चाचपलंय त्याला ही उपमा लगेच पटेल. मला एवढंच खटकलं की हे सगळं 'क्षुद्ररोग' या प्रकरणात घातलंय. अकरा काटे कपाळावर घेऊन उशीवर कुशीवर वळून बघा, मग ठरवा क्षुद्र काय ते.

मी साताऱ्यात एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. हे सांगायची लाज वाटते, पण पुढच्या कथेसाठी ते आवश्यक आहे. त्वचेचा छेद मी फळ्यावर न बघता काढतो. तैलग्रंथी तेलकट स्राव करते, मेलेल्या पेशी आणि तो स्राव मिळून केसाच्या मुळाशी बूच बसतं, बुचाखाली जीवाणू फोफावतात, शरीर त्यांच्यावर चाल करून जातं, आणि त्या रणधुमाळीला आपण मुरूम म्हणतो. त्या जीवाणूंच्या प्रजातीचं 2016 साली नामांतर होऊन 'क्युटिबॅक्टेरियम' झालं. त्यातलं 'क्युटि' त्वचेच्या लॅटिन शब्दावरून आलंय, क्यूटवरून नव्हे, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. हशा येतो. हल्ली हशा नाव ऐकण्याआधीच येऊ लागला होता.

एवढं ज्ञान गाठीशी असलेला माणूस काय करेल? त्याने आईला विचारलं.

आई म्हणाली, "जायफळ. घरगुती आहे, काही अपाय नाही." हे वाक्य मी पुढचे दोन महिने इतक्या तोंडांतून ऐकलं की ते औषधाच्या बाटलीवर छापलेलं असावं असं वाटू लागलं. रात्री आईने आधी नेहमीप्रमाणे माझ्या टाळूवर तिचं माक्याचं तेल जिरवलं, मग सहाण पुढे ओढून दुधात जायफळाचे सात-आठ वळसे दिले आणि ते गंध एकेका मुरमावर टेकवलं. बाळगुटीत जायफळ पडलं की पोर शांत झोपतं. माझे मुरूम काही झोपले नाहीत. मी झोपलो, आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर अकरा तपकिरी ठिपके होते.

मग सल्ल्यांना पूर आला. माणसाला मूळव्याध झाली तर लोक खालच्या आवाजात बोलतात, पण मुरूम ही सार्वजनिक मालमत्ता. शिक्षकखोलीत पी.टी.चे सर लसूण चोळायला सांगून गेले (चोळली, पुढचे तीन दिवस माझ्या बाकाशेजारी कोणी बसलं नाही आणि एक मुरूम भाजल्यासारखा काळा पडला). क्लार्कने तुरटी सुचवली. नववीतला एक पोरगा तास संपल्यावर मागे रेंगाळला. मला वाटलं शंका असेल. तो दबक्या आवाजात म्हणाला, "सर, रात्री टूथपेस्ट लावा. पांढरी. जेल नको." त्याच्या स्वतःच्या गालाकडे पाहून मी त्याला तिच्या परिणामांविषयी काही विचारलं नाही.

शार्ङ्गधरसंहितेत तारुण्यपीटिकांवर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितलेला आहे. शास्त्राधार म्हटल्यावर माझ्यातला शिक्षक जागा झाला. मोती चौकाजवळ काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. वेखंड म्हणताच दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, माझ्यासाठीच. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि पुडी बांधता बांधता, न मागता, आणखी शंभर ग्रॅम लोध्र टाकलं. घरी येऊन मी तिन्हींची पूड करून डबा स्वयंपाकघरात ठेवला. त्याला धन्यांचा वास येत असल्यामुळे गुरुवारी तो आमटीत पडला. त्या आमटीविषयी आमच्या घरात आजही कोणी बोलत नाही.

पण हे सगळं म्हणजे उगाच किरकोळ. खरा पराक्रम फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाला.

त्या दिवशी संध्याकाळी पुतणीचा साखरपुडा होता. सकाळी मी हळद, डाळीचं पीठ आणि दही असा लेप कालवला. आंबेहळद संपली होती. हळद ती हळद, असा विचार करून मिसळणाच्या डब्यातली दोन चमचे घातली. तासाभराने धुतलं तेव्हा लेप गेला, हळद राहिली. मी कपाळापासून जबड्यापर्यंत झेंडूसारखा पिवळा झालो होतो.

बायको म्हणाली, "अहो, साखरपुडा तिचा आहे. हळद तुम्हाला कशी लागली?"

आंघोळीच्या साबणाने उतरेना, म्हणून मी कपड्यांची वडी घेतली आणि खसाखसा घासलं. आरशात पाहतो तो पिवळ्याचा विटकरी लाल! इथे एखादा शहाणा माणूस घाबरला असता. मला आनंद झाला. आठवीच्या पुस्तकात आम्ल-आम्लारीच्या धड्यात नैसर्गिक दर्शक आहेत, त्यांतला हा हळदीचा. आम्लात पिवळा, आम्लारीत लाल. साबण आम्लारीधर्मी. मी दरवर्षी गाळणकागदाच्या पट्ट्या हळदीत बुडवून हेच दाखवतो, आणि इतका ठसठशीत रंग कागदावर कधी आलेला नाही. मी बायकोला हाक मारून समजावून सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, "मग संध्याकाळी पाहुण्यांना धडा शिकवणार का?"

"अगं, उलटं करता येतं. आम्ल टाकलं की परत पिवळा."

आणि सिद्धतेशिवाय विधान करायचं नाही ही सवय असल्यामुळे मी अर्धं कागदी लिंबू कपाळावर पिळलं आणि सालीसकट चोळलं. फुटलेल्या मुरमांत रस उतरला तेव्हा जे झालं ते सांगत नाही, पण पाटीवर खडू करकरावा तसा आवाज माझ्या तोंडून निघाला. मात्र चेहरा पिवळा झाला. बायकोच्या डोळ्यांदेखत. प्रयोग यशस्वी.

राहिला पिवळा. तर हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही माहीत असतं. म्हणून मी तोंड न धुता गच्चीवर गेलो, खुर्ची अजिंक्यताऱ्याकडे करून बसलो आणि अकरा ते साडेबारा तोंड वर करून चेहरा वाळत घातला. लिंबाचे ओघळ कानशिलावरून मानेकडे येत होते, ते पुसलेही नाहीत. वाया कशाला घालवा?

संध्याकाळपर्यंत हळद बरीच उडाली होती. एका काकूंनी विचारलंसुद्धा, "काय लावतोस रे? तेज आलंय." मी म्हटलं, "घरगुतीच."

सोमवारी रात्री ते तेज पेटलं. मंगळवारी कपाळावर फोड होते आणि कानशिलापासून जबड्यापर्यंत तीन लाल पट्टे, चौथा थेट कॉलरच्या आत. एखाद्या सर्कशीतल्या विदूषकाचा रंग पावसात ओघळावा तसा मी दिसत होतो.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी लांबूनच पाहिलं. भिंग उचललंही नाही.

"लिंबू ना?"

मी होय म्हटलं.

"आणि उन्हात?"

मी पुन्हा होय म्हटलं. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी काही द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन पडलं तर त्वचा भाजते. कागदी लिंबात ती भरपूर. जिथे रस ओघळतो तिथेच पट्टे उठतात, म्हणून हे लांबून ओळखू येतं. फोड जातील, पण तपकिरी डाग काही आठवडे, कदाचित महिने राहतील. हे सगळं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, मी आठवीला तुमच्याकडे होते."

त्यांना अगं म्हणावं की अहो, हे मला ठरवता येईना. मी नुसतं हसलो. फोड ताणले गेले.

"लिंबाच्या रसाचा सामू किती, सर?"

"दोन-अडीच."

"त्वचेचा?"

"पाचच्या आसपास."

"मग?"

तोंडी परीक्षेत पोरं जे करतात तेच मी केलं. खाली पाहिलं. "चुकून झालं," म्हटलं.

तरी जाता जाता मी हिंमत करून विचारलं, की नैसर्गिकात काहीच दम नसतो का. त्या न्यायी निघाल्या. ऑस्ट्रेलियात 1990 साली 124 रुग्णांवर टी-ट्री तेलाची बेंझॉईल पेरॉक्साइडशी तुलना झाली होती, म्हणाल्या. दोन्हींनी गुण आला, तेलाने सावकाश, पण आगही कमी झाली. "पण ते 5 टक्के मोजून घेतलेलं होतं, सर. तुम्ही अर्धं लिंबू पिळलंत." मग त्यांनी माझी कपाळाची रेघ, जिथे केस असायला हवे होते ती, बोटाने तपासली. बोट चमकलं.

"डोक्याला तेल लावता?"

माक्याचं. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून खोबरेलात कढवलेलं. केस गळायचे थांबावेत म्हणून आई दिवाळीपासून रोज रात्री माझ्या टाळूवर वाटीभर जिरवत होती, आणि ते टाळूवरून कपाळावर, कपाळावरून कानशिलांवर, रात्रभर शांतपणे उतरत होतं. मुरूम आले डिसेंबरात. मुरूम कपाळ आणि कानशिलांवर. हनुवटीवर एकही नाही. म्हणजे म्हातारपण अडवायला वर ओतलेलं तेलच खाली येऊन तारुण्य उगवत होतं. आणि मी, ज्याने 'निरीक्षण करा, नोंद ठेवा, निष्कर्ष काढा' हे फळ्यावर 19 वर्षं लिहिलंय, मी त्या तेलावर जायफळ लावत होतो.

उपचार अगदीच बेचव निघाले. आधी भाजलेलं भरू द्यायचं. मग रात्री अ‍ॅडापलीनचं जेल, साऱ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. दिवसा सनस्क्रीन. बारा आठवडे कळ काढायची, पहिले तीन-चार आठवडे बिघडल्यासारखं वाटेल. वाटलंच. सहाण नाही, पुडी नाही, सुश्रुत नाही. बारा आठवड्यांत सांगण्यासारखा एकही प्रसंग घडला नाही, आणि मुरूम गेले.

अवघड होतं ते आईला सांगणं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या रात्री ती वाटी घेऊन आली तेव्हा म्हटलं, "आई, डॉक्टरांनी तेल बंद सांगितलंय." तिने वाटी खाली ठेवली नाही. "तेलाने काय होतंय? घरगुती आहे." मग वाटीकडे बघत म्हणाली, "तुझे बाबाही असंच म्हणायचे." बाबांचं डोकं मला लहानपणापासून आठवतं ते संपूर्ण गुळगुळीत.

मे अखेरीस पुतणीचं लग्न झालं. डाग पुसट झाले होते, कपाळ कोरं. त्याच काकू अक्षता वाटता वाटता माझ्यापुढे थांबल्या. "अगंबाई, कपाळ कसं लख्ख निघालंय रे!" त्यांची नजर कपाळावरून वर गेली, आणखी वर गेली, आणि बराच वेळ वर जातच राहिली. "आणि केवढं मोठं!"

माझ्या मागून आईचा आवाज आला, "तेल सोडलं ना त्याने."