आलंच-मीमांसा : वर्षाकालीन पदभ्रमणातील एका पदाचा शास्त्रविचार

१. प्रयोजन व लक्षण

गिर्यारोहणविषयक ग्रंथांत दोर, बूट व गाठी यांना स्वतंत्र प्रकरणे लाभली आहेत. तथापि ज्या एका पदाच्या आधारे सामान्य कुटुंब पावसाळ्यात धबधब्यापर्यंत पोहोचते, त्या ‘आलंच’ या पदाचा पद्धतशीर विचार झालेला नाही. ती उणीव दूर करणे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन होय.

लक्षण असे : चालणाऱ्याने ‘अजून किती?’ अशी पृच्छा केली असता, गंतव्य दृष्टिपथात नसताना, उत्तरदात्याने मापनाची अपेक्षा न ठेवता केलेले समीपतेचे विधान म्हणजे ‘आलंच’. यातील ‘दृष्टिपथात नसताना’ हा निर्बंध आवश्यक आहे. तो काढल्यास अतिव्याप्ती घडते. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठावरून सरोवर पूर्ण दिसते. तेथे केलेले ‘ते काय खाली’ हे विधान प्रत्यक्षावर आधारलेले असल्याने या शास्त्राच्या कक्षेबाहेर राहते. सरोवरापासून वर परतताना मात्र, काठ झाडीआड होताच, शास्त्र पुनश्च लागू होते.

२. क्षेत्रविचार

या शास्त्राची जन्मभूमी बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर. तीच का, असा पूर्वपक्ष संभवतो. त्याचे समाधान भूगोलात आहे. नळगंगेकाठी, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या सपाटीवर वसलेल्या या नगरात उंचावरून पडणाऱ्या पाण्याचा परिचय पागोळ्यांपुरता सीमित आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग. कोणत्याही दिशेचा धबधबा असो, प्रथम सपाटी तुडवावी लागते. परिणामी ‘अजून किती?’ हा प्रश्न डोंगराच्या पायथ्याशी न पडता वाटेतील मोताळ्याच्या अलीकडेच पडतो. बुलढाणा जिल्हा स्वतःची विभागणी ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी करतो. मलकापूर घाटाखाली येते, आणि ज्याला चढायचे आहे त्यालाच विचारायचे असते, हे उघड आहे.

डोंगराची घडणही या पदास पोषक आहे. दख्खनचा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची सपाट पायरी बनते. या रचनेस भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. अजिंठ्यास वाघूर नदी याच पायऱ्यांवरून सात टप्प्यांत उतरून सातकुंडात पडते. मात्र जी पायरी पाण्याला उडी देते, तीच चालणाऱ्याला चकवते. खालून दिसणारा प्रत्येक माथा अखेरचा भासतो, आणि त्यावर पाय ठेवताच मागचा माथा प्रकट होतो. सारांश, ‘आलंच’ यातील असत्याचा दोष वक्त्याकडे नसून बेसॉल्टकडे जातो, असे भूशास्त्रीय पक्षाचे प्रतिपादन आहे.

३. व्याकरणविचार

‘आलंच’ हे रूप भूतकाळाचे, परंतु त्याचा विषय भविष्यकाळातील. हा दोष मानावा काय? नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात दोन लागोपाठच्या सूत्रांनी या प्रश्नाचा निकाल लावून ठेवला आहे. पहिल्यानुसार, वर्तमानाच्या निकट असलेल्या काळासाठी वर्तमानाचे प्रत्यय विकल्पाने चालतात. दुसऱ्यानुसार, आशा व्यक्त करताना भविष्यासाठी भूतकाळाचेही प्रत्यय चालतात. चुलीवर चहा ठेवण्यापूर्वीच ‘झालाच’ म्हणणारी गृहिणी व चपलेत पाय घालण्यापूर्वी ‘निघालोच’ म्हणणारा गृहस्थ यांना हाच आधार आहे. धबधब्याच्या संदर्भात मात्र पहिले सूत्र लागू करणे सर्वस्वी अशास्त्रीय ठरते. तेथे निकटता नसते, केवळ आशा असते.

अंत्य ‘च’ हा निश्चयार्थक होय. त्याआधीचा स्वर जितका लांबतो, तितका निश्चय क्षीण होतो. ‘आलंच’ म्हणजे अर्धा तास, ‘आलंऽऽच’ म्हणजे डबा येथेच उघडणे श्रेयस्कर.

४. प्रकारविचार

वक्तृभेदाने हे पद षड्विध आहे.

(१) नायकोक्त : सहल ठरवणाऱ्याने उच्चारलेले. हा वक्ता तेथे पूर्वी गेलेला असतो अथवा नसतो. दोन्ही स्थितींत स्वर समान राहतो.

(२) वाहनस्थ : काळीपिवळीच्या चालकाने, रस्ता संपल्यावर, इंजिन चालू ठेवून उच्चारलेले. हे समीपतेचे विधान दिसत असले तरी त्याचा तात्पर्यार्थ ‘उतरा’ असा घ्यावा.

(३) अवरोही : वरून उतरणाऱ्यांनी चढणाऱ्यांस सांगितलेले. हे लोक स्वतःला उतरताना लागलेला काळ परक्याच्या चढणीस बहाल करतात. औदार्य निर्विवाद आहे, गणित नव्हे.

(४) गोपालोक्त : गुराख्याने सांगितलेले. याचे स्वतंत्र विवेचन पुढे येते.

(५) मातृक : खांद्यावरील वा कडेवरील अपत्यास उद्देशून केलेले. याची पुनरावृत्ती सर्वाधिक, आणि श्रोता प्रत्येक वेळी नव्याने विश्वास ठेवतो.

(६) आत्मोक्त : स्वतःस, मनात, दम लागलेला असताना सांगितलेले. हे प्रश्नाविना उद्भवते. म्हणून काही आचार्य यास या पदाचा प्रकार न मानता प्राणायामाचा उपप्रकार मानतात.

५. गोपालोक्ताचे परीक्षण

एका श्रावणी रविवारी, सातपुड्याच्या एका नाल्यात, प्रस्तुत लेखकाने या प्रकाराचे निरीक्षण केले. खताच्या रिकाम्या गोणीची खोळ डोक्यावर घेतलेला एक गुराखी दगडावर बसला होता. गोणीच्या टोकावरून थेंब बरोबर त्याच्या बिडीच्या बाजूस पडत होते. बिडीवर एकही पडला नाही. पृच्छा करताच तो म्हणाला, “हे का, आलंच. थ्या सागाच्या पल्याड.” समोर सागाचे संपूर्ण रान होते. नंतर तो स्वतः पुढे निघाला. लेखक तेथे पोहोचला तेव्हा सव्वा तास उलटला होता, गुराखी पाण्याकाठच्या दगडावर होता, आणि गोणी वाळत घातलेली होती. तिची एक बाजू कोरडी झाली होती.

निष्कर्ष : गोपालोक्त हे असत्य नाही. ते वक्त्याच्या पायांचे सत्य आहे, श्रोत्याच्या पायांना लागू केल्याने बाधित होते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये नियम घालून दिला की दर ५ किलोमीटर चालीस सुमारे एक तास धरावा, आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक. त्यानुसार मलकापूर ते बुलढाणा यांच्या उंचीतील सुमारे ४०० मीटरच्या फरकासाठी ४० मिनिटे वाढवावी लागतात. परंतु या नियमात चपलेचा तुटलेला अंगठा, चिवड्याची पुडी सोडणे, व सामूहिक छायाचित्रात डोळे मिटलेल्या काकांसाठी ते पुन्हा काढणे, यांची तरतूद नाही. म्हणून तो येथे अपुरा पडतो.

६. संप्रदायभेद

(अ) कालवादी. हे उत्तर मिनिटांत देतात, आणि ती मिनिटे नेहमी दहा असतात. दहा ही संख्या येथे गणनेची नसून आहेराच्या पाकिटातील वरच्या रुपयाप्रमाणे शुभचिंतनाची आहे, असे या संप्रदायाचे मत.

(आ) वळणवादी. हे काळ नाकारतात व ‘त्या वळणापलीकडे’ असे स्थलनिर्देशक उत्तर देतात. कोणते वळण, हे न सांगणे हा त्यांचा मूलसिद्धांत होय.

(इ) हाकवादी. यांचे उत्तर ‘हाकेच्या अंतरावर’. हा सर्वांत प्राचीन संप्रदाय. कारण ‘कोस’ हा शब्दच ‘क्रोश’, म्हणजे आरोळी, यापासून आलेला आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘गोरुत’ या मानाचा शब्दार्थ गाईचे हंबरणे असा आहे. हाक कोणाची व गाय कोठली, यावर अंतर अवलंबून राहते, हे त्या काळीही ज्ञात असावे.

(ई) हनुवादी. हे बोलत नाहीत. केवळ हनुवटी वर उचलतात. हनुवटी जितकी उंच, अंतर तितके अधिक, असे पूर्वाचार्य म्हणतात. नव्य हनुवाद्यांच्या मते उंची अंतराची नसून तोंडातील तंबाखूच्या परिमाणाची निदर्शक आहे.

७. प्रमाणविचार

‘आलंच’ हे शब्दप्रमाण असल्याने ते आप्तवाक्य असेल तरच ग्राह्य. आप्त म्हणजे यथार्थ वक्ता. या अर्थाने सहलीत नातेवाईक पुष्कळ, आप्त विरळ. म्हणून सुज्ञ पदयात्री अनुमानाचा आश्रय करतो. नैयायिक जसे पर्वतावरील धुरावरून अग्नी सिद्ध करतात, तसे समोरून येणाऱ्यांच्या पायजम्यांच्या ओल्या घोट्यांवरून धबधबा सिद्ध करावा. मात्र पाऊस पडत असल्यास हा हेतू सदोष होतो. ध्वनीवरून केलेले अनुमानही जपून करावे. ओल्या सागपानांतून जाणारा वारा व दूरचे पाणी यांचा आवाज एकच असतो, आणि दोरीच्या जागी सर्प पाहणाऱ्यापेक्षा या भ्रमात अडकलेला अधिक चालतो.

८. गंतव्याभाव

पोहोचूनही धबधबा न आढळणे हे चतुर्विध आहे. मृग नक्षत्रात घाईने गेल्यास कातळावर केवळ काळा ओघळ दिसतो; हा प्रागभाव. दसऱ्यानंतर गेल्यास तोच ओघळ पुन्हा दिसतो, हा प्रध्वंसाभाव. समोर पाणी आहे, पण ते शेजारच्या नाल्याचे, हा अन्योन्याभाव. यात ‘हाही काही वाईट नाही’ असे म्हणण्याचा संकेत आहे. मलकापूर शहरात तिन्ही काळी धबधबा नसणे, हा अत्यंताभाव. तोच या संपूर्ण शास्त्राचे उपादानकारण होय.

९. उपसंहार

शेवटी एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. धबधबा ज्या क्षणी खरोखर येतो, त्या क्षणी ‘आलं’ असे कोणीही म्हणत नाही. कोणी पिशवी ठेवायला कोरडा दगड शोधतो, कोणी मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो. पद आपल्या विषयाची प्राप्ती होताच नष्ट होते.

त्याचा पुनर्जन्म परतीच्या वाटेवर होतो. सायंकाळी काळीपिवळी घाट उतरून सपाटीवर येते. मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोके ठेवलेले अपत्य अर्धवट झोपेत ‘अजून किती?’ असे विचारते, आणि ती ‘आलंच’ असे म्हणते. येथे आक्षेपक म्हणेल, पुढे मलकापूरचे दिवे स्पष्ट दिसत आहेत. गंतव्य दृष्टिपथात असता लक्षण लागू होत नाही. हा आक्षेप टिकत नाही. दृष्टिपथ हा पृच्छकाचा धरावयाचा असतो, आणि पृच्छकाचे डोळे मिटलेले आहेत.