'सर्जनशील लेखन'ची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुले पत्र

माननीय सर किंवा मॅडम,



तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते कळायची सोयही नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचं नाव गोपनीय असतं, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावं लागतंय. बी. ए. मराठीच्या 'सर्जनशील लेखन' या विषयाची गेल्या सत्रातली प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर आहे. पहिला प्रश्न : 'कथा म्हणजे काय ते सांगून कथेचे घटक सविस्तर स्पष्ट करा.' दुसरा : 'कवितेची वैशिष्ट्ये लिहा.' तिसऱ्यात टिपा : निवेदक, प्रतिमा, वातावरणनिर्मिती. चौथ्यात ललितगद्याचं स्वरूप. विषयाचं नाव लेखन, आणि अख्ख्या परीक्षेत एकाही विद्यार्थ्याला स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहावं लागलं नाही. हे चुकून घडत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रश्न जपून काढावा लागतो, आणि तुम्ही तो तसा काढलात.

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथला मुलगा ब्युरेटची तोटी धरून उभा राहतो, रंग बदलला की थांबतो, आकडा जर्नलमध्ये उतरवतो आणि परीक्षेला परीक्षकासमोर तेच करून दाखवतो. 'टायट्रेशन म्हणजे काय ते सांगा' एवढ्यावर त्याचं प्रॅक्टिकल कुणी उरकत नाही. गाण्यातही तसंच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं तर सहसा उस्तादांच्या घरी राहून, त्यांची मर्जी सांभाळून ते मिळवावं लागे. पलुस्करांनी गाण्याचे वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा असं सगळं उभं केलं, आणि त्या परंपरेतल्या परीक्षांना आजही परीक्षकासमोर बसून गावं लागतं. 'राग म्हणजे काय' हे लिहून कुणी विशारद होत नाही. लेखनाच्या वाट्यालाच हे का यावं? लेखक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असं तुमचं मत असेल, तर तसं अभ्यास मंडळाला कळवून हा विषय बंद करायला सांगा. ते निदान प्रामाणिक होईल. विषय ठेवायचा, गुण द्यायचे, पदवीच्या गुणपत्रिकेवर 'सर्जनशील लेखन' छापायचं आणि लिहू द्यायचं नाही, याला मी फसवणूक म्हणते.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं बाजारातल्या गाईडमध्ये तयार आहेत. कथानक, पात्रचित्रण, संवाद, वातावरण, भाषाशैली ही यादी माझ्या वर्गातली मुलं झोपेतही म्हणून दाखवतील. आता मोबाइलवरचं कुठलंही यंत्र हे उत्तर अर्ध्या मिनिटात लिहून देतं, गाईडपेक्षा बरं देतं. पाठांतराचे गुण ज्या उत्तराला मिळतात त्या उत्तरासाठी माणसाची गरज उरलेली नाही, आणि तुम्ही अजून तेच मागताय.

माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगते. तिची आई गावातल्या बचत गटाचं रजिस्टर सांभाळते. मी वर्गाला गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा तिची सुरुवात होती पहाटेच्या कोवळ्या किरणांनी, पक्ष्यांच्या किलबिलाटाने आणि आईच्या प्रेमळ हाकेने. हे तिचं नव्हतं. शाळेपासून निबंधात ज्याला गुण पडतात, ते तिने मला दिलं. मी विचारलं, बैठक कुठे भरते, रजिस्टर कशात गुंडाळून ठेवता, एखादीचा हप्ता चुकला तर काय होतं? पुढच्या खर्ड्यात किरणं गेली. नंतर पक्षी गेले. मग आली ती हप्ता न आणलेली बाई : बैठकीत ती दाराजवळ बसते, चपला हाताशी ठेवते, आणि तिच्या नावाची पाळी येण्याआधी पोरगं रडतंय म्हणून उठते. पोरगं रडत नसतं, हे सगळ्यांना ऐकू येत असतं. हा परिच्छेद वर्गात वाचला गेला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही बोलणं थांबवून ऐकत होती.

पुढे तुमची परीक्षा आली. 'कथेचे घटक' लिहिताना पात्रचित्रणाचं उदाहरण म्हणून तिने हीच बाई घातली. दहापैकी तीन गुण मिळाले. तुमच्या नमुना उत्तरात दाराजवळची बाई नव्हती. तिच्या शेजारणीने गाईडमधलं उतरवलं, तिला आठ पडले. पुढच्या सत्रात या मुलीने काय पाठ केलं असेल, ते तुम्हाला सांगायला हवं का?

पदवीच्या वर्गात लेखन शिकवता येतं का, याचं एक उत्तर मला कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सरकारी कॉलेजात सापडतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेमंड कार्व्हर नावाचा एक तरुण तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांत बसत होता. विशीआधीच लग्न झालेलं, दोन मुलं, पैशांची कायम ओढ, आणि घरात लिहायला कोपरा नाही. त्याला लेखन शिकवायला आले जॉन गार्डनर, ज्यांची स्वतःची एकही कादंबरी तोवर छापून आलेली नव्हती. गार्डनरांनी वर्गाला अख्ख्या सत्रात एकच कथा लिहायला सांगितली, दहा-पंधरा पानांची, आणि ती मनासारखी होईपर्यंत पुन्हापुन्हा लिहायची, वेळ आली तर दहादा. ते कार्व्हरच्या कथेतली ओळ न् ओळ तपासत. काही शब्दांवर वाद घालू देत, काही शब्द गेलेच पाहिजेत यावर अडून बसत. या मुलाला लिहायला जागा नाही हे कळल्यावर त्यांनी आपल्या ऑफिसची किल्ली त्याच्या हातात ठेवली. शनिवार-रविवारी तिथे बसून तो लिही. अमेरिकी कथेत पुढे त्याचं केवढं स्थान झालं, ते तुम्हीच कधीतरी टीप लिहा म्हणून विचारलं असेल. गार्डनर गेल्यावर त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना कार्व्हरने ही किल्ली आणि त्या तपासलेल्या ओळी आठवणीने नोंदवल्या आहेत. कथेच्या घटकांची यादी पाठ केल्याची आठवण त्यात नाही.

हे गार्डनर आयोवा विद्यापीठातून डॉक्टरेट करून आले होते. त्या विद्यापीठाने १९२२ मध्येच ठरवलं की पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी कविता, कथा, नाटक चालेल. १९३६ मध्ये तिथे रायटर्स वर्कशॉप सुरू झालं. आपले कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला जाऊन आले, तेव्हा मराठीला हे सगळं परकं नाही. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये एम. ए. काढलं, पहिला विद्यार्थी इयन मॅक्युअन. त्याच वर्गातून पुढे काझुओ इशिगुरो निघाले, २०१७ चे नोबेलविजेते. आज ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत हा विषय बी. ए.लाच घेता येतो, आणि विद्यार्थ्याने या विषयात काय कमवायला हवं याचा राष्ट्रीय दस्तऐवज तिथल्या गुणवत्ता संस्थेने २०१६ मध्ये काढला. तिथे गुण मिळतात ते लेखनाच्या संचाला, आणि त्याच्या जोडीला विद्यार्थ्याने आपल्याच लेखनावर लिहिलेल्या टिपणाला : काय बदललं, का बदललं, कुणाला वाचून बदललं. विरोधक तिथेही आहेत. कादंबरीकार हनीफ कुरेशी स्वतः हा विषय शिकवत असताना २०१४ मध्ये जाहीरपणे म्हणाले की हे अभ्यासक्रम म्हणजे वेळेचा अपव्यय. पण त्यांची तक्रार लिहिणाऱ्या मुलांबद्दल होती. तुम्ही तर मुलांना लिहायलाच लावत नाही, मग त्या वादात तरी कुठून शिराल?

तुम्ही म्हणाल, मराठीत मोठे लेखक पदवीवाचून झाले. झाले. पण शिक्षकावाचून झाले असं समजू नका. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेली हस्तलिखितं वाचत, परत पाठवताना लेखकाला पत्र लिहीत, कुठे कथा सैल पडली ते दाखवत. कित्येकांचा तोच वर्ग होता. त्या वर्गात शिरणं मात्र सगळ्यांना सारखं सोपं नव्हतं. १९६९ मध्ये बंडखोर तरुण लेखकांनी सत्यकथेचा अंक जाळला, तो याच रागातून. १९८२ मध्ये सत्यकथा बंद पडली. आज तालुक्याच्या गावी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीचा खर्डा शब्दाशब्दाने वाचणारं कोण आहे? दिवाळी अंकाच्या संपादकाकडे तिची ओळख नाही. पुण्या-मुंबईतल्या कार्यशाळेची फी तिला परवडत नाही. तिच्यासाठी सरकारी शुल्कात उपलब्ध असलेली एकच जागा उरते, ती तुमचा हा विषय. म्हणून मी एवढी भांडते आहे.

भाषेबद्दलही बोलायचं आहे. साहित्याच्या पेपरात तुम्ही नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाच्या भाषेवर टीप विचारता. मुलं लिहितात, 'कवीने प्रमाण भाषेची चौकट मोडली', आणि तुम्ही पूर्ण गुण देता. त्यांच्यातलाच एखादा मुलगा घरच्या बोलीत संवाद लिहितो, तेव्हा तपासनीस लाल शाईने 'अशुद्ध' म्हणून गुण कापतो. चौकट मोडणाऱ्याचा गौरव करायला शिकवायचं आणि शिकणाऱ्याला चौकटीत दाबायचं, हे एकाच विभागात, एकाच आठवड्यात घडतं.

वर्गात लिहून घेतलं की सगळं सरळ होतं, असा माझा दावा नाही. अमेरिकी कार्यशाळेत एक रीत रुळली आहे : ज्याचं लेखन चर्चेला आहे त्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. मॅथ्यू सालेसेस या कोरियन वंशाच्या लेखकाने २०२१ च्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं. वर्गातले बहुसंख्य एका जगाचे असतील आणि लिहिणारा दुसऱ्या, तर 'मला हे कळलं नाही' या शेऱ्याखाली त्याचं जग पुसलं जातं. आमच्या वर्गात हे मी पाहिलं आहे. पारधी वस्तीवरच्या मुलाने पोलीस आल्याची रात्र लिहिली, आणि वर्ग म्हणाला, जरा समजेल असं लिही. तिथे शिक्षकाला मध्ये पडून सांगावं लागतं की न कळलेल्यांनी आधी विचारायचं, लिहिणाऱ्याने उत्तर द्यायचं, मग दुरुस्तीचं बघू. हे काम नाजूक आहे, वेळखाऊ आहे, आणि तेच या विषयाचं खरं अध्यापन आहे. तुमच्या प्रश्नपत्रिकेमुळे ते अभ्यासक्रमाबाहेरचं ठरतं. मी ते केलं की मुलंच म्हणतात, मॅडम, हे परीक्षेला आहे का?

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. सिद्धांताच्या दोन श्रेयांकांना तीस तास मिळतात. प्रात्यक्षिक म्हणून नोंदवले असते तर साठ मिळाले असते आणि विज्ञानासारख्या तुकड्याही पाडता आल्या असत्या. वर्गात ऐंशी मुलं, शिकवणारा तासिका तत्त्वावर, मानधन महिनोन् महिने अडकलेलं. केंद्रीय तपासणीत दिवसाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवायचे. पुनर्मूल्यांकनात तीनाचे सात झाले तर जाब कुणी द्यायचा? हे सगळं खरं आहे, आणि यातलं बरंचसं अभ्यास मंडळाच्या आणि शासनाच्या दारात नेऊन टाकायला मी तयार आहे. पण प्रश्नपत्रिका तुमच्या हातात आहे. तिला कुठल्या शासन निर्णयाची परवानगी लागत नाही. आणि लेखन तपासता येत नाही, हे मला मान्य नाही. पाहिलेलं लिहिलंय की पाठ केलेलं, संवाद माणसांचे वाटतात का, नको ते वाक्य काढलंय का, हे कुठल्याही बऱ्या वाचकाला कळतं. दोन तपासनिसांच्या गुणांत फरक पडला तर सरासरी काढा. अंतर्गत गुणांसाठी पहिला आणि शेवटचा खर्डा दोन्ही वर्गातच, समोर बसवून लिहून घ्या, म्हणजे यंत्राचीही भीती उरत नाही.

पुढच्या सत्राची प्रश्नपत्रिका तुम्ही अजून सीलबंद केली नसेल, म्हणून एक प्रश्न पाठवते, वीस गुणांचा : 'तुमच्या ओळखीच्या ठिकाणी चार माणसं बसली आहेत आणि पैशांचा विषय निघतो. हा प्रसंग दीड पानात लिहा. कुणाच्या मनात काय आहे ते सांगू नका. बोली वापरायला हरकत नाही.' आणि दहा गुणांचा दुसरा : 'वरच्या प्रसंगातलं कोणतं वाक्य तुम्ही बदललंत आणि का, ते लिहा.' तपासायला वेळ लागेल. तपासणी केंद्रावर जादा दिवस बसायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखीही बसतील. या प्रश्नांचं नमुना उत्तर मात्र आम्हाला पाठवू नका.

कळावे,
आपली,
बी. ए.ला सर्जनशील लेखन शिकवणारी एक प्राध्यापिका