जकार्ताच्या अलीकडे

काशीत माणूस कपाळावरून ओळखतात. आडवं भस्म असलं तर शैव, उभं गंध असलं तर वैष्णव, आणि भुवईपासून केसांपर्यंत कुंकू फासलेलं असलं तर समजावं की हा आता आपल्या पणजोबांचं नाव विचारणार. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर पहाटे जे कोचसाहेब भेटतात, त्यांच्या कपाळावर यातलं काहीच नसतं. डाव्या भुवईच्या वर एक तिरपा, जुना वण तेवढा आहे. एकदा दक्षिणेकडच्या एका यात्रेकरूने तो वण निरखून अदबीने विचारलं, "आपला संप्रदाय कोणता?"

"लेफ्ट बॅक," कोचसाहेब म्हणाले.

वण आहे चेंडूच्या दोरीचा. साठच्या दशकात फुटबॉल म्हणजे आत रबरी ब्लॅडर आणि वर चामडं. हवा भरली की चामड्याचं तोंड बुटासारखं दोरीने आवळायचं. पावसाळ्यात चामडं पाणी पिऊन दगड होई, आणि उंचावरून आलेला चेंडू डोक्याने मारताना दोरीची बाजू पुढे आली, की खेळाडूला दीक्षा मिळे.

असे कोचसाहेब बनारसात एकच नाहीत. कुणी बंगाली टोल्यात आहेत, कुणी कचेरीच्या बाजूला, दोघेतिघे आपले मराठी, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडचे. मी इथे त्या सगळ्यांचा मिळून एक माणूस केला आहे. त्यांच्यापैकी कुणालाही यात वावगं वाटणार नाही, कारण हे वर्णन दुसऱ्याचंच आहे अशी प्रत्येकाची खात्री असेल.

घराणं पेशवाईत वेदपठणासाठी काशीला आलेलं. आजोबा दशग्रंथी, वडील कर्मकांडात मुरलेले, आणि हे चिरंजीव मालवीयजींनी १९१६ मध्ये उभारलेल्या विद्यापीठात इतिहास शिकायला गेले ते मैदानावरच राहिले. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न केला, "पायाने मारतात ना तो?" उत्तर होकारार्थी आल्यावर आठ दिवस बोलणं बंद. त्या काळी फुटबॉलवर पोट भरेल असं कलकत्त्याबाहेर कुणी म्हणत नसे. चांगल्या खेळाडूला रेल्वे, बँक नाहीतर कारखाना उचलून घेई, तसं यांना डिझेल रेल्वे इंजिनांच्या कारखान्याने घेतलं. बनारसची अर्धी खेळाडू जमात त्या डीएलडब्ल्यूच्या हजेरीपटावर होती. हॉकीतले मोहम्मद शाहिदही तिथलेच. कोचसाहेबांचं आयुष्यातलं खरं दुःख काय असेल तर ते हे, की या गावात 'खेळ' म्हटलं की लोक हॉकीचं नाव घेतात, 'व्यायाम' म्हटलं की आखाड्याचं, आणि फुटबॉलचं नाव निघतं ते चार वर्षांतून एकदा, वर्ल्ड कपच्या महिन्यात. तेव्हा सगळी गल्ली ब्राझीलची असते.

पुढे पतियाळाला जाऊन ते कोचिंग शिकून आले. राष्ट्रीय क्रीडा संस्था तिथे १९६१ मध्ये निघाली आणि तोवर नुसतं 'मास्तर' म्हणवणारी माणसं 'एनआयएस कोच' झाली. प्रमाणपत्र बैठकीत विश्वनाथाच्या तसबिरीशेजारी आहे, किंचित वर.

शिट्टी जानव्याला बांधलेली असते. कपाटाची किल्ली आणि शिट्टी एकाच गाठीत. त्यामुळे घाईत कधी किल्लीच ओठांना लागते आणि फाउल हवेत विरून जातो. पण खरी अडचण किल्लीची नव्हे, पानाची. सकाळी कचोरी-जिलबी झाली की पान, आणि बनारसी पान ही घाईघाईने संपवायची वस्तू नाही. ते गालात असेपर्यंत माणूस मान वर करून, हनुवटी सांभाळत, फक्त स्वरांमध्ये बोलतो. शिट्टी वाजवण्याचा प्रश्नच येत नाही. हे पोरांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून सरावाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत काय वाटेल ते चालतं. शर्ट ओढतात, पाय घालतात, एकाने तर गोलकीपरला मिठी मारून ठेवली होती. कोचसाहेब कडेला दोन्ही हात उंचावून "ऊं! ऊंऊं!" करत असतात. मग ते बाजूला जाऊन पिंक टाकतात, आणि त्या क्षणी मैदानावर बावीस सज्जन दिसू लागतात.

त्यांच्याशी मराठीत बोलावं तर उत्तर मराठीत सुरू होतं आणि कुठल्या तरी वळणावर हिंदीत शिरतं. पोरांवर ओरडायचं ते बनारसीत, आकडे इंग्रजीत, आणि राग अनावर झाला तर शुद्ध मराठीत. म्हणजे पोरांना कळत नाही आणि आपलं बोलून होतं.

फुटबॉलबद्दल त्यांचा एक सिद्धान्त आहे, आणि तो मला अजून खोडता आलेला नाही. बनारसची पोरं गल्लीत वाढतात. दीड माणूस रुंदीची गल्ली, त्यात गाय, सायकल, दुधाची किटली आणि मणिकर्णिकेकडे निघालेली तिरडी. या सगळ्यांतून चेंडू पायाला चिकटवून नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण मैदानावर सोडलं की दहाही जण मधल्या पट्ट्यात घुसतात. "गल्लीला विंग नसते हो," कोचसाहेब म्हणतात. "कडेला मोकळी जागा असते, हे यांना मनापासून पटतच नाही. तिकडे भिंत असणार असंच वाटतं." त्यावर उपाय म्हणून त्यांनी टचलाइनशेजारी जिलबी ठेवून पाहिली. राइट विंगर वेळेवर पोचू लागला. चेंडू मागेच राहिला.

दुसरा उपाय सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडून उचललेला. हैदराबादचे रहीमसाहेब स्वतः कॉलेजात खेळलेले, पेशाने शिक्षक, आणि १९५० पासून भारतीय संघाचे कोच. ते खेळाडूंना नुसत्या दुबळ्या पायाने सामने खेळायला लावत. कोचसाहेबांनी तेच सुरू केलं; फरक इतकाच, की ते स्वतः डावखुरे असल्याने त्यांना दुबळा पाय म्हणजे उजवा वाटतो. वर्षभर त्यांनी पोरांना उजव्या पायाचा सराव दिला. मुळात उजवीच असलेली पोरं "बडी प्रगती हुई, गुरुजी" म्हणत राहिली.

अमेरिकेतही कॉलेजातून निघालेला असा एक अमर कोच होता, असं मी त्यांना एकदा सांगितलं. अमोस अलोंझो स्टॅग. येलकडून खेळला, १८९२ पासून शिकागो विद्यापीठाचा कोच. सत्तरीला पोचला म्हणून त्याला काढलं, तर दुसऱ्या कॉलेजात जाऊन आणखी चौदा वर्षं शिकवत राहिला आणि १०२ वर्षांचा होऊन गेला. कोचसाहेब खूश झाले. मग त्यांनी विचारलं, त्यांच्याकडे चेंडू हातात धरतात ना? धरतात, मी म्हणालो, काखेत मारून पळतात. "आणि नाव फुटबॉल!" ते म्हणाले. "म्हणजे सोवळं नेसून मटण." स्टॅगचा विषय तिथेच संपला. तरी १०२ हा आकडा त्यांच्या डोक्यात राहिला असावा, कारण त्या संध्याकाळी काकूंना ते म्हणाले की आपल्याकडे अजून बराच वेळ आहे. काकू उपविजेतेपदाच्या कपातून सुटे पैसे मोजून भाजीवाल्याला देत होत्या. "वेळ आहे तर दळण आणा," त्या म्हणाल्या.

पण कोचसाहेब खरे पाहावेत ते हाफटाइमला. पी. के. बॅनर्जी कलकत्त्यात कोच झाल्यावर सामन्याआधी असं काही बोलत की खेळाडू पेटून उठत. 'व्होकल टॉनिक' म्हणून ते गाजलं. कोचसाहेबांचंही टॉनिक आहे, फक्त मात्रा मोठी. हाफटाइमची दहा मिनिटं, आणि हे सुरू करतात २९ जुलै १९११ पासून. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने कसं हरवलं, अकरांपैकी दहा जण अनवाणी कसे होते, इथे चार मिनिटं जातात. मग १९४८ चं लंडन, पुन्हा अनवाणी, फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी हुकल्या आणि १-२ ने गेलो. पेनल्टी कशी मारायला हवी होती हे ते उभं राहून दाखवतात. १९५१ ला दिल्लीत मेवालालच्या गोलने इराणवर मात आणि एशियाडचं सुवर्ण, तोच रेफरी शिट्टी मारतो. पोरांना भारतीय फुटबॉलचा इतिहास १९५१ पर्यंत तोंडपाठ आहे. पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. कधी रेफरीला उशीर झालाच तर १९५२ लागतं, आणि त्या वर्षी हेलसिंकीत आपण युगोस्लाव्हियाकडून १-१० हरलो होतो. तिथे कोचसाहेबांना हटकून तहान लागते. बाटली शोधण्यात उरलेला वेळ जातो.

गेल्या थंडीतला एक आंतरशालेय सामना मी पाहिला. हाफटाइमला कोचसाहेबांचा संघ १-० ने पुढे होता. दुसरा हाफ सुरू व्हायच्या वेळी एक सांड संथपणे मैदानात आला आणि पेनल्टी बॉक्समध्ये, नेमका गोलसमोर, बसला. काशीत नंदीला उठवायची प्राज्ञा कुणाची? रेफरीने घड्याळ पाहिलं, हात जोडले आणि तोही खाली बसला.

कोचसाहेबांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पूर्वी पाहिला नव्हता. १९५२ आलं तसं एका पोराने न मागता बाटली पुढे केली. दोन घोट घेऊन ते थेट मेलबर्नला, १९५६ ला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक, ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. सांड रवंथ करत होता. मग जकार्ताचं एशियाड, १९६२. रहीमसाहेब आजारी, प्रेक्षक आपल्या विरोधात, डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला त्यांनी बचावातून काढून पुढे खेळवलेलं, आणि फायनलला पी. के.चा एक, जर्नैलचा एक, कोरिया २-१ ने गारद. जर्नैलचं हेडिंग दाखवताना कोचसाहेबांनी वणाची जागा पुढे केली. त्यांच्याभोवती आता बावीसही पोरं बसली होती. रेफरी मागे उभा होता, शिट्टी तोंडात, न वाजवता.

सांड उठला. खेळ सुरू झाला. आमची पोरं ३-१ ने हरली.

परत येताना मी हळूच म्हटलं, इतकं सगळं सांगूनही असं कसं झालं?

"होणारच," कोचसाहेब म्हणाले. "समोरच्यांनी पण ऐकलं ना जकार्ता." आणि पानवाल्यापाशी थांबले.